चित्रफितींची मोडी : जुन्या व्हिडिओ फाइली आणि आजचा मोबाइल

‘ही फाइल चालवता येत नाही’ हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या लोकांच्या मोबाइलवर पाहिले आहे, की त्याचा नेमका अर्थ तपासून घ्यावा असे वाटू लागले. वाचणाऱ्याचा समज बहुधा एकच होतो : फाइल बिघडली. मग फाइल पुसली जाते. ज्या सीडीवरून ती उतरवली ती सीडी भंगारात जाते, नाहीतर कबुतरे हुसकावण्यासाठी गॅलरीत दोऱ्याला टांगली जाते. त्या सीडीवर आजोबांची एकसष्टी असते, गणेशोत्सवात मंडळाने केलेले तीन अंकी नाटक असते, आता हयात नसलेल्या एखाद्या बुवांचे काल्याचे कीर्तन असते.

माझा स्वतःचा रस या शेवटच्या प्रकारांत आहे. कीर्तन, भारूड, दशावतार आणि हौशी नाटके यांची घरगुती चित्रणे मी जमवतो. चित्रपटांच्या आणि गाजलेल्या व्यावसायिक नाटकांच्या प्रती कंपन्यांकडे किंवा वाहिन्यांकडे कुठे ना कुठे असतात. तालुक्याच्या गावातल्या व्हिडिओ शूटिंगवाल्याने रात्रभर जागून टिपलेल्या दशावतारी खेळाच्या मात्र दोन-चार सीडींपलीकडे प्रती नसतात. त्या गेल्या की त्या रात्रीचा संकासुर गेला, ऐनवेळी सुचलेली त्याची उत्तरे गेली आणि हार्मोनियमवाल्याने सांभाळून घेतलेली पदेही गेली. म्हणून विषय तांत्रिक दिसला तरी तो आपल्यासारख्या वाचकांचाही आहे : जुनी व्हिडिओ फाइल आजच्या मोबाइलवर का चालत नाही, आणि ती कशी चालवायची?

उत्तराचा गाभा आधीच सांगतो. ते वाक्य फाइलविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. ते हातातल्या मोबाइलविषयी सांगते. फाइल जशी लिहिली तशीच असते. तिची लिपी वाचणारा त्या मोबाइलमध्ये बसवलेला नसतो, इतकेच. पुण्याच्या पेशवे दफ्तरातला मोडी कागद आपल्याला वाचता आला नाही, तर आपण कागदाला दोष देत नाही. मोडी जाणणारा शोधतो. जुन्या चित्रफितींच्या बाबतीतही तेच करायचे आहे, आणि सुदैवाने असे जाणकार फुकट मिळतात.

डबा आणि लिपी

व्हिडिओ फाइलीच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर जी अक्षरे येतात – एव्हीआय, एमपी-४, थ्रीजीपी – त्यांनाच आपण तिचा प्रकार समजतो. ही अक्षरे म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. डब्याच्या आत दोन वेगळे जिन्नस असतात, चित्र आणि आवाज. दोन्ही आपापल्या रीतीने आटवून भरलेले असतात. आटवण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या या रीतीला कोडेक म्हणतात. तीच फाइलीची खरी लिपी. एव्हीआय हा मायक्रोसॉफ्टने १९९२ साली आणलेला डबा, आणि त्यात नाना तऱ्हांच्या लिप्यांतली चित्रे सापडतात. त्यामुळे ‘एक एव्हीआय चालते, दुसरी चालत नाही’ या तक्रारीत नवल काही नाही. ‘आवाज येतो, पण पडदा काळा’ याचा अर्थ आवाजाची लिपी फोनला येते, चित्राची येत नाही. ‘चित्र हलते, पण सगळे मुके’ याचा अर्थ उलटा.

चित्र आटवावे का लागते, हे एका साध्या हिशेबाने कळते. व्हीसीडीवरचे चित्र ३५२ ठिपके रुंद आणि २८८ ठिपके उंच असते, म्हणजे एका चित्रात सुमारे एक लाख ठिपके. भारतातल्या दूरचित्रवाणीच्या पद्धतीप्रमाणे सेकंदाला अशी २५ चित्रे लागतात. ठिपक्यामागे सरासरी दीड बाइट धरला तर एका सेकंदाला सुमारे ३८ लाख बाइट होतात. या दराने एका सीडीत साडेतीन मिनिटांचे मूकचित्रसुद्धा मावले नसते. प्रत्यक्षात तिच्यात ७४ मिनिटांचे बोलते चित्र मावते, कारण चित्र सुमारे सव्वीसपट आटवलेले असते.

हे आटवणे कसे होते, ते कीर्तनाच्या चित्रणात छान दिसते. बुवा उभे असतात, मागे पडदा, बाजूला मृदंगवादक आणि टाळकरी. एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागात पडदा बदलत नाही, खांब बदलत नाही. बदलतात ते बुवांचे हात, ओठ आणि टाळ. म्हणून दर वेळी सगळे चित्र लिहिण्याऐवजी साधारण अर्ध्या सेकंदाने एकदा पूर्ण चित्र लिहायचे आणि मधल्या चित्रांसाठी फक्त ‘काय बदलले’ एवढे टिपायचे. त्यासाठी चित्राचे लहान चौकोन पाडतात. व्हीसीडीच्या एका चित्रात असे १६ ठिपक्यांचे ३९६ चौकोन असतात. ‘हा चौकोन मागच्या चित्रातून उचल आणि चार ठिपके उजवीकडे ठेव’ अशा सूचना फाइलीत लिहिलेल्या असतात. त्यावरही जे उरते त्यातला डोळ्याला सहसा न जाणवणारा बारीक तपशील गाळून टाकतात.

जुन्या सीडी पाहिलेल्यांना दोन गोष्टी आठवत असतील, आणि दोन्हींचा उलगडा यातच आहे. पालखीवर गुलाल उधळला की चित्राचे एकदम चौकोन चौकोन दिसू लागतात. गुलालाच्या ढगात प्रत्येक ठिपका बदलत असतो. ‘फक्त बदल लिही’ ही युक्ती तिथे चालत नाही आणि बाइटांचा शिधा ठरलेला असतो. दुसरे, सीडीवर ओरखडा असला की एखाद्याचा चेहरा फाटतो, तो फाटका चेहरा क्षणभर तसाच सरकत राहतो आणि मग अचानक नीट होतो. तो नीट होतो त्या क्षणी पुढचे पूर्ण चित्र आलेले असते.

व्हीसीडी : डॅट नावाचे कोडे

चित्र आटवण्याची ही रीत एमपेग नावाच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने ठरवली. लिओनार्दो किआरिलिओने आणि हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने हा गट १९८८ साली सुरू झाला. त्याचे पहिले मानक, एमपेग-१, आणि त्यावर आधारलेले व्हीसीडीचे मानक, दोन्ही १९९३ सालचे. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी ते आणले. पाश्चात्त्य देशांत व्हीसीडी फारशी रुजली नाही. आशियात ती घरोघर पोहोचली. आपल्याकडेही स्वस्त प्लेयर आणि त्याहून स्वस्त सीडी यांमुळे जत्रेतल्या स्टॉलवर देवदेवतांच्या फोटोंशेजारी कीर्तनाच्या आणि लोकनाट्याच्या सीडी दिसू लागल्या. चित्रपट एका सीडीत मावत नसे. मध्यंतराला उठून दुसरी सीडी घालणे हा त्या काळचा घरगुती विधीच होता.

ही सीडी संगणकात घातली की एमपेगएव्ही नावाचा फोल्डर दिसतो आणि त्यात ‘एव्हीसीक्यू०१’ असल्या नावाच्या, शेवटी ‘डॅट’ लिहिलेल्या फाइली. डॅट म्हणजे नुसता ‘डेटा’. त्यातून आत काय आहे याचा काहीच पत्ता लागत नाही. मोबाइलची गॅलरी नावाच्या शेवटची अक्षरे पाहून व्हिडिओ ओळखते, म्हणून डॅट फाइल तिला दिसतच नाही. आत मात्र साधे एमपेग-१ चित्र असते, भोवती सीडीच्या रचनेचे वेष्टन. नाव बदलून शेवटी ‘एमपीजी’ केले तर काही प्लेयर ती लगेच उघडतात. व्हीएलसीसारख्या प्लेयरला नावाशीच कर्तव्य नसते, तो आत डोकावून लिपी ओळखतो.

व्हीसीडीचा खरा कमकुवत दुवा दुसराच आहे. साध्या माहितीच्या सीडीवर प्रत्येक खंडात २०४८ बाइट माहिती आणि तिच्यासोबत चुका दुरुस्त करण्यासाठी जादा खुणा असतात. व्हीसीडीत जागा वाचवण्यासाठी हा दुरुस्तीचा शेवटचा थर काढून त्याच खंडात २३२४ बाइट भरले आहेत. एखादा बाइट चुकला तर चित्रात एक चौकोन बिघडेल, प्रेक्षकाला चालेल, असा तो व्यवहार होता. पाहताना तो चालतो. पण तीच फाइल संगणकावर उतरवताना एका ओरखड्यापाशी यंत्र अडून बसते आणि ‘कॉपी होत नाही’ म्हणते. अशा वेळी दुसऱ्या बनावटीच्या ड्राइव्हमध्ये सीडी घालून पाहावी. एकाला न वाचता आलेला भाग दुसऱ्याला वाचता येतो, हा अनुभव मी अनेकदा घेतला आहे.

व्हीसीडीनंतर आलेल्या डीव्हीडीची गोष्ट थोडक्यात सांगता येते. तिची लिपी एमपेग-२, चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे, आणि फाइली ‘व्हीओबी’ नावाच्या, प्रत्येकी जास्तीत जास्त एक जीबीच्या. लग्नाच्या डीव्हीडीत अशा तीन-चार फाइली ओळीने असतात. अंतरपाट एकीत आणि मंगलाष्टके संपून अक्षता पडतात त्या दुसरीत, असे होऊ शकते. त्यातले चित्र सम आणि विषम ओळींत विभागून टिपलेले असते. जुन्या टीव्हीवर ते गुळगुळीत दिसे. मोबाइलवर मात्र हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. हाही बिघाड नव्हे. ओळी पुन्हा जुळवून घेण्याचे काम राहिलेले असते, एवढेच.

मोबाइल आपलीच पहिली लिपी विसरतो

सर्वांत चमत्कारिक गोष्ट थ्रीजीपीची. ही लिपी मोबाइलसाठीच घडवलेली. बटणांच्या फोनवर काढलेले, ब्लूटूथवरून हस्तांतरित झालेले, ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’ अशी पाटी लावलेल्या दुकानांतून पसरलेले व्हिडिओ बहुतेक याच डब्यात असत. चित्र बहुधा १७६ बाय १४४ ठिपक्यांचे, म्हणजे व्हीसीडीच्याही एक चतुर्थांश. चित्राची लिपी एच-२६३. ती मुळात दूरध्वनीवरून एकमेकांना पाहत बोलता यावे म्हणून तयार झाली होती.

आवाजाची लिपी एएमआर, तीही दूरध्वनीच्या संभाषणाची. ती सेकंदाला ८००० वेळा आवाजाची नोंद घेते आणि माणसाचा कंठ बोलताना कसा चालतो याच्या एका गणिती नमुन्यात तो आवाज बसवते. त्यामुळे अशा फाइलीत माणसाचे बोलणे आश्चर्य वाटावे इतके स्पष्ट ऐकू येते आणि वाद्ये मात्र पार विस्कटतात. माझ्याकडे भजनाची एक अशी चित्रफीत आहे. गाणाऱ्या बाईंचा शब्द न् शब्द कळतो. टाळ मात्र पत्र्यावर वाळू ओतल्यासारखे वाजतात. टाळांना कंठ नसतो, आणि लिपीला कंठापलीकडचे काही ठाऊक नसते. भाषेच्या अभ्यासकाला ही फाइल पुरेशी आहे, संगीताच्या अभ्यासकाला नाही. कुठल्या लिपीत लिहिले यावर काय टिकले हे कसे ठरते, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

आणि तरीही आजचे काही फोन थ्रीजीपीपुढे हात टेकतात. अँड्रॉइडने आपल्या सातव्या आवृत्तीपासून एच-२६३ वाचणे फोन बनवणाऱ्यांच्या मर्जीवर सोडले. ज्या यंत्राने ही लिपी गिरवत चित्र काढायला सुरुवात केली, त्याच्याच नातवंडांना ती वाचता येईनाशी झाली.

बाकीच्या लिप्यांची कुंडली भराभर पाहू. संगणकावर सात-आठशे एमबीत मावणारा चित्रपट बहुधा एव्हीआय डब्यात आणि डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड लिपीत असे. एक्सव्हिड हे नाव डिव्हएक्स उलटे वाचून तयार झाले आहे. रिअल नेटवर्क्स कंपनीची रिअलव्हिडिओ ही लिपी १९९७ सालची. मंद गतीच्या इंटरनेटवरही चित्र पोहोचवण्यासाठी ती वापरली जाई. फ्लॅशच्या एफएलव्ही फाइलींवर यूट्यूबची पहिली वर्षे चालली. २०२० साल संपले तेव्हा फ्लॅशचा आधारही संपला. तिन्हींबाबत मोबाइलची गॅलरी बहुधा मान हलवते.

नकाराची कारणे

फोनची ताकद कमी पडते म्हणून तो नकार देतो, असे कोणाला वाटेल तर हिशेब उलटा आहे. आज फोनवर आपण सहज पाहतो ते १९२० बाय १०८० ठिपक्यांचे चित्र व्हीसीडीच्या वीसपट मोठे असते. जुनी लिपी उलगडणे हे आजच्या फोनला किरकोळ काम आहे. मग अडते कुठे?

पहिले कारण चिपचे. फोनमध्ये चित्र उलगडण्यासाठी वेगळे मंडल कोरलेले असते. ते कमी वीज खाते, म्हणून बॅटरी टिकते. पण त्याला ठरावीक लिप्याच येतात : २००३ साली आलेली एच-२६४, तिच्यानंतरची एच-२६५ आणि अलीकडच्या काही. चिपमध्ये जागा देताना एमपेग-१ ची आठवण कोणाला येणार? ज्या लिपीचा कारकून चिपमध्ये नाही, ती सर्वसाधारण प्रोसेसरवर प्रोग्रॅम लिहून वाचावी लागते. तसा प्रोग्रॅम सोबत द्यायचा की नाही, हे कंपनी ठरवते.

दुसरे कारण पेटंटचे. एमपेग-२ वाचणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे पेटंटधारकांच्या गटाला शुल्क द्यावे लागे; बराच काळ ते अडीच डॉलर होते. रास्पबेरी पाय या स्वस्त ब्रिटिश संगणकाने यावर साधा तोडगा काढला होता : ज्याला एमपेग-२ हवे त्याने २ पौंड ४० पेन्स भरून किल्ली विकत घ्यावी. क्षमता चिपमध्ये आधीच होती, फक्त कुलूप होते. अमेरिकेतले एमपेग-२ चे शेवटचे पेटंट फेब्रुवारी २०१८ मध्ये संपले. म्हणजे नकाराचे हे कारण बऱ्याच अंशी सरले, पण नकाराची सवय उरली. आवाजाच्या बाबतीतही हेच घडले. भारतात अतिशय लोकप्रिय झालेल्या एमएक्स प्लेयरमधून एसी-३ आणि डीटीएस या ध्वनिलिपी परवान्याच्या कारणावरून काढल्या गेल्या. चालू असलेले चित्रपट अनेकांच्या फोनवर एके दिवशी मुके झाले ते त्यामुळे. वेगळी कोडेक फाइल आणून बसवली की ते पुन्हा बोलू लागत.

तिसरे कारण सर्वांत साधे आहे : कोणी मागणी करत नाही. दिवाळी अंकांच्या संपादकांना याचा अनुभव असेल. युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेल्या अंकांच्या फाइली आज उघडल्या तर लेखाऐवजी चिन्हांचा सडा दिसतो. मजकूर तिथेच असतो. त्याची वाचा गेलेली असते. फरक असा, की त्या फाँटांचे तक्ते जुळवणारे मोजके लोक आपल्याकडे आहेत, तर चित्रफितींसाठी हे काम जगभरच्या स्वयंसेवकांनी पद्धतशीरपणे करून ठेवले आहे.

जाणकारांची फौज

२००० साली फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने एफएफएमपेग नावाचा प्रकल्प सुरू केला. पुढे असंख्य हातांनी तो वाढवला. त्यामागचा आग्रह विलक्षण आहे : आजवर वापरात आलेली कोणतीही लिपी वाचता आली पाहिजे, मग तिचा धनी असो वा नसो. ज्या कंपन्यांनी आपल्या लिपीचे नियम गुप्त ठेवले, त्यांच्या फाइली आणि प्रोग्रॅम निरखून ते नियम उलट्या दिशेने शोधून काढले गेले. किल्ली नसताना मोडीतल्या एखाद्या कारकुनाचे वळण लावून घ्यावे, तसे हे काम. मूळ कंपनी बंद पडली तरी तिची लिपी इथे जिवंत राहते.

व्हीएलसी हा नारिंगी शंकूचे चिन्ह असलेला प्लेयर या भांडारावर उभा आहे. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात १९९६ साली विद्यार्थ्यांचा उपक्रम म्हणून त्याची सुरुवात झाली आणि २००१ साली तो मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुला झाला. मोबाइलवरचा त्याचा प्रवास मात्र सरळ नव्हता. आयफोनसाठीची आवृत्ती २०१० मध्ये आली. मुक्त परवाना आणि अॅप स्टोअरच्या अटी एकमेकांशी जुळत नाहीत, या वादातून ती जानेवारी २०११ मध्ये काढली गेली. परवाना बदलून ती २०१३ मध्ये परतली. अँड्रॉइडवरची पक्की आवृत्ती २०१४ च्या अखेरीस आली. भारतात तर २०२२ साली व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅन संस्थेचे संकेतस्थळच सरकारी बंदीमुळे काही महिने उघडत नव्हते. संस्थेने कायदेशीर नोटीस पाठवल्यानंतर नोव्हेंबरमध्ये ते खुले झाले. आपल्या घरातल्या सीडीवरचे कीर्तन दिसते की नाही, हे कुठकुठल्या दारांवर अवलंबून असते, ते यावरून कळावे.

प्रत्यक्ष काय करावे

पहिले काम सीडी वाचवण्याचे. लिपीची काळजी नंतर. दुकानातून आलेली छापील सीडी बरीच टिकाऊ असते. शूटिंगवाल्याने लिहून दिलेल्या सीडीत माहिती एका रासायनिक रंगाच्या थरात असते आणि तो थर ऊन व उष्णतेने विटतो. आपण चकचकीत बाजू जपतो; नाजूक असते ती नावाची बाजू, कारण चंदेरी थर तिथे लाखेच्या पातळ लेपाखाली लगेच असतो. बॉलपेनने दाबून लिहिलेले ‘चि. सौ. कां. …’ हेच कित्येक लग्नांच्या सीडींना भोवले आहे. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीने जोडण्याचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो. त्यावरून डॅट किंवा व्हीओबी फाइली जशाच्या तशा संगणकावर उतरवाव्यात. व्हीसीडीच्या एका तासाला सुमारे ६०० एमबी जागा लागते. म्हणजे ६४ जीबीच्या मेमरी कार्डात शंभरेक तास मावतात. जागेसाठी काही आटवण्याचे कारणच उरत नाही.

दुसरे काम पाहण्याचे. फाइल मोबाइलवर घेऊन गॅलरीतून न उघडता व्हीएलसीतून उघडावी. चित्र हिरवे, फाटके किंवा अडखळते दिसले तर सेटिंगमध्ये जाऊन हार्डवेअरची मदत बंद करावी; मग चिपमधल्या कारकुनाला बाजूला सारून प्रोग्रॅम स्वतः वाचू लागतो. व्हीसीडीतली माणसे जरा उभट, बारीक दिसली तर चित्राचे प्रमाण ४ : ३ करावे. व्हीसीडीचे ठिपके चौरस नसतात. आजचे फोन ते चौरस धरू शकतात आणि सगळ्या वऱ्हाडाचे वजन उतरते. फाइलीची माहिती उघडली की आत कोणती लिपी आहे तेही दिसते. ते लिहून ठेवावे.

तिसरे काम रूपांतराचे, आणि इथे मला प्रचलित सल्ल्यापेक्षा वेगळे सांगायचे आहे. ‘सगळे एमपी-४ करून टाका आणि जुने पुसा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. चित्र एकदा आटवताना त्यातला तपशील गाळला गेलेला असतो. दुसऱ्यांदा आटवताना उरलेल्यातला आणखी गाळला जातो. ही झेरॉक्सची झेरॉक्स आहे. त्यातही आज रूपांतर करणारा प्रोग्रॅम जुन्या चौकोनांनाच चित्र समजून जपतो आणि चेहऱ्यावरची सूक्ष्म छटा सोडून देतो. म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नये. घरातल्या सर्वांना पाहता यावी यासाठी तिची एक वेगळी प्रत करावी : एच-२६४ लिपीत, एमपी-४ डब्यात. हँडब्रेकसारखा मोफत प्रोग्रॅम संगणकावर हे काम करतो, आणि डीव्हीडीतल्या कंगव्याच्या रेघाही तिथेच काढता येतात. चित्राचा आकार मुळाइतकाच ठेवावा. ३५२ ठिपक्यांचे १९२० केले म्हणून आजोबांच्या चेहऱ्यावरची न टिपलेली सुरकुती उमटत नाही. ही प्रत नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. व्हिडिओ म्हणून पाठवली तर वाटेत ती पुन्हा आटवली जाते.

चौथे काम कोणताही प्रोग्रॅम करू शकत नाही. ‘एव्हीसीक्यू०१’ या नावावरून शंभर वर्षांनी कोणाला काय कळणार? फाइलीच्या नावात किंवा सोबतच्या साध्या टिपणात गाव, तिथी, प्रसंग आणि दिसणाऱ्या माणसांची नावे देवनागरीत लिहून ठेवावीत. माझ्या संग्रहात अशी चित्रणे आहेत की ज्यांचे चित्र उत्तम आहे, आवाज स्वच्छ आहे आणि गाणारे कोण हे सांगणारे कोणी उरलेले नाही. तिथे कोणतीही लिपी वाचता आली तरी उपयोग होत नाही.

ज्याला आपण जुन्या फाइलींचा प्रश्न म्हणतो, त्यातला लिपीचा भाग असा बव्हंशी सुटलेला आहे. एमपेग-१ चे मानक छापलेले आहे, वाचणारे प्रोग्रॅम मोफत आहेत, त्यांची मूळ संहिता सर्वांसमोर आहे. उद्याच्या फोनवरही कोणीतरी ती उतरवील, अशी आशा बाळगायला जागा आहे. सुटत नाही तो चकतीचा प्रश्न. विटलेल्या रंगाच्या थरातून माहिती परत आणणारा कोणताही स्वयंसेवक जगात नाही. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून जो सीडींचा गठ्ठा खाली येतो, त्याची भंगारवाला किलोवर किंमत करतो. यंदा तो गठ्ठा वेगळा काढावा, प्रत्येक सीडीवरचे नाव वाचावे आणि ज्या चित्रणाची दुसरी प्रत जगात कुठेच नसेल अशी सीडी आधी उतरवून घ्यावी.